एकशे एक दिवस आणि दोन ओळींचा खुलासा

दिवाळीच्या सुट्टीत माझी नात सिरसाळ्याला येते. येताना कपडे थोडे आणि पुस्तके फार, अशी तिची रीत. तिच्या आजीला ते आवडत नाही, मला आवडते. गेल्या दिवाळीत फराळाचे ताट पुढ्यात असताना तिने पिशवीतून एक लहानसे पुस्तक काढले आणि म्हणाली, “आबा, वक्तृत्व स्पर्धेसाठी मी टिळक-आगरकरांचा डोंगरीचा तुरुंगवास घेतलाय. देशासाठी भोगलेली पहिली शिक्षा. बरोबर ना?”

पुस्तक होते गोपाळ गणेश आगरकरांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’. हे पुस्तक मी तरुणपणी एकदा वाचले होते, आणि एका विशिष्ट कारणामुळे नंतर कित्येक वर्षे हाती धरले नव्हते. नातीला मी एवढेच म्हणालो, “बाई, शिक्षा खरी, तुरुंग खरा, माणसेही खरी. पण ज्या पत्रांपायी ते आत गेले ती पत्रे खोटी होती, हे तू भाषणात सांगणार आहेस का?” तिने चकली हातातच धरली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

त्या रात्री मी ते पुस्तक पुन्हा वाचले. पुढे लिहिले आहे ते त्या वाचनातून निघाले. याला परीक्षण म्हणा, कबुलीजबाब म्हणा, वाचकांची मर्जी.

आधी प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे ते अर्धेच सांगितले जाते. १८८१ च्या जानेवारीत पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. ‘केसरी’चे संपादन आगरकरांकडे, ‘मराठा’चे टिळकांकडे. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज हे तरुण छत्रपती होते. त्यांना वेड लागले आहे असे सरकारी गोटातून सांगितले जाई आणि त्यांना देखरेखीखाली ठेवले होते. संस्थानचा कारभार रावबहादूर माधवराव बर्वे पाहत. महाराजांचा छळ होतो आहे आणि त्यात बर्व्यांचा हात आहे, अशी बोलवा पुण्यात पसरली. तिला पुष्टी देणारी, बर्व्यांच्या नावाची काही पत्रे पुढे आली. दोन तरुण संपादकांचे रक्त तापले. वर्षअखेरीस दोन्ही पत्रांतून कडक मजकूर आला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, पण फिर्यादीने खटला पुढे चालविला. १७ जुलै १८८२ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लॅथम यांच्यापुढे दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. काही दिवसांची सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते सुटले. मधले १०१ दिवस म्हणजे हे पुस्तक.

या तारखांकडे वाचकांनी जरा जिव्हाळ्याने पाहावे. आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, टिळकांचा २३ जुलै १८५६ चा. म्हणजे एकाला सव्विसावे वर्ष पुरे होऊन तीन दिवस झाले होते आणि दुसऱ्याचा सव्विसावा वाढदिवस कोठडीत गेला. आपल्या घरातली सव्वीस वर्षांची मुले डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या पुस्तकाचा सूर कळेल. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, विष्णुशास्त्री चिपळूणकर गेले. ज्यांच्या बोटाला धरून ही मंडळी वृत्तपत्राच्या धंद्यात उतरली, तो माणूसच उरला नाही.

आता पुस्तक म्हणून त्याची योग्यता काय? मराठी गद्यात त्याला माझ्या मते मानाची जागा आहे, आणि ती विषयापेक्षा वृत्तीमुळे. आगरकर कण्हत नाहीत. कोठडी, पांघरूण, जेवण, पहारेकरी, भोवतालचे कैदी यांच्याकडे ते शिकवणीला आलेल्या हुशार विद्यार्थ्याच्या नजरेने पाहतात. विष्णुशास्त्र्यांच्या भाषेला जो दागिन्यांचा सोस होता तो इथे नाही. वाक्ये सरळ चालतात आणि अंगावरच्या हालांतही त्यांना हसू सापडते. रात्री दोघा मित्रांचे वाद इतके रंगत की आवाज चढून पहाऱ्यावरच्या शिपायांना समज द्यावी लागे. पुढे याच दोघांचे रस्ते फाटले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला आणि छापील शब्दांनी दोघांनी एकमेकांना पुष्कळ घायाळ केले. हे ठाऊक असलेल्या वाचकाला ते कोठडीतले मोठमोठ्याने भांडणे फार गोड लागते. भिंतीच्या आत मैत्री टिकली, बाहेर टिकली नाही.

आणखी एक गोष्ट टीकाकाराने टिपून ठेवण्यासारखी आहे. सुटकेनंतरच्या वर्षी, १८८३ मध्ये, आगरकरांचे ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले. ते ‘हॅम्लेट’चे मराठी रूप. वेडा म्हणवला जाणारा राजपुत्र, दरबारातली कारस्थाने आणि एका बनावट पत्राने दुसऱ्याचा घेतलेला जीव, हे सगळे त्या नाटकात आहे. कोल्हापूर प्रकरणावर हॅम्लेटची सावली पहिल्यापासूनच होती. मला वाटते, या तरुणांची चूक इथेच झाली. त्यांनी कोल्हापूरचा वाडा नाटकासारखा वाचला. नाटकात कारभारी दुष्ट असतो हे पहिल्या अंकातच ठरून जाते. मग त्याच्या नावाचे पत्र हाती आले की ते खरेच वाटते. जे खरे असावे असे आपल्याला वाटते, त्याचा पुरावा आपण तपासत नाही.

पुस्तकाची उणीवही इथेच आहे, आणि ती सांगितली नाही तर या लेखाला अर्थ नाही. पुस्तक तुरुंगाचे आहे. खटला हा त्याचा उंबरठा आहे. तो ओलांडून वाचक आत जातो, दोघांबरोबर राहतो, त्यांच्यावर जीव जडवतो आणि २६ ऑक्टोबरला त्यांच्याबरोबर बाहेर पडतो. बाहेर स्वागत आहे, गर्दी आहे. या सगळ्यात माधवराव बर्वे नावाचा एक माणूस होता, ज्याने लिहिली नव्हती अशी पत्रे त्याच्या नावावर खपली, हे वाचकाच्या लक्षातून निसटते. दोष एकट्या लेखकाचा नाही. आपल्या, वाचकांच्या स्मरणशक्तीचा अधिक आहे. महाराजांविषयीची काळजी मात्र पोकळ नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे देखरेखीखाली असतानाच, एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, त्यांचा अंत झाला. म्हणजे हेतू चांगला होता, शंका सर्वस्वी निराधार नव्हती, आणि तरीही छापलेला मजकूर खोट्या कागदांवर उभा होता. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आता कायद्याचा भाग. घाबरू नका, फार लांबवत नाही. भारतीय दंडसंहिता १८६० ची. तिच्यातले कलम ४९९ हे अब्रुनुकसानीचे. त्याला दहा अपवाद जोडलेले होते. खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली तर तो गुन्हा नाही. सरकारी नोकराच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावाने मत दिले तर गुन्हा नाही. अशा सगळ्या वाटा तिथे आखल्या होत्या. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमाचा आकडा ३५६ झाला आणि दोन वर्षांपर्यंतची साधी कैद वा दंड यांच्या जोडीला समाजसेवेची शिक्षा आली, पण गाभा तोच राहिला. त्या गाभ्यात ‘सद्भाव’ हा शब्द आहे, आणि सामान्य माणूस फसतो तो या शब्दापाशी. आपण समजतो सद्भाव म्हणजे मनात पाप नसणे. कायदा तसे म्हणत नाही. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केली असे मानता येत नाही, अशी त्याची व्याख्या आहे. मन निर्मळ असणे पुरे नाही. हातांनी चौकशीचे कष्ट केलेले हवेत. टिळक-आगरकरांचे मन निर्मळ होते. कष्ट कमी पडले.

या न्यायाची दुसरी बाजूही मराठी माणसाने मुंबईत पाहिली होती. १८६२ चा महाराज लायबल खटला. करसनदास मुळजी या गुजराती पत्रकाराने ‘सत्यप्रकाश’मध्ये वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचारावर लिहिले, जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजारांचा दावा लावला. तिथे पुरावा उभा राहिला. डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्या प्रतिष्ठित वैद्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन सांगायचे ते सांगितले. करसनदास सुटले आणि त्यांना खर्चही मिळाला. वीस वर्षांच्या अंतराने, एकाच शहरात, एक संपादक जिंकला आणि दोन हरले. धैर्य तिघांचे सारखेच. फरक पुराव्याचा.

टिळकांच्या आयुष्यात तर हे चाक पुरे फिरले. सर व्हॅलेंटाइन चिरोल यांनी ‘इंडियन अनरेस्ट’ या १९१० च्या पुस्तकात त्यांच्यावर जे आरोप केले त्यासाठी टिळकांनी लंडनला जाऊन दावा लावला. जानेवारी १९१९ मध्ये सुनावणी सुरू झाली, सर जॉन सायमन टिळकांचे वकील, सर एडवर्ड कार्सन चिरोलचे. फेब्रुवारीत निकाल टिळकांच्या विरुद्ध गेला आणि खर्चाचा डोंगर अंगावर आला. सव्विसाव्या वर्षी जो आरोपीच्या पिंजऱ्यात होता, तो साठी उलटल्यावर फिर्यादी म्हणून उभा राहिला. आपल्या नावावर दुसऱ्याने काही छापले म्हणजे कसे वाटते, हे त्या दिवशी त्यांना बर्व्यांइतकेच कळले असेल.

आणि आगरकर? त्यांच्या जिवंतपणीच पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. यापेक्षा मोठी बेअब्रू कोणती? त्याचे उत्तर त्यांनी लेखणीने दिले. जोतीराव फुल्यांचा मोठेपणा तर याहून निराळा. ‘निबंधमाले’त त्यांच्यावर चिपळूणकरांनी कठोर लिहिले होते. तरी त्याच गोटातल्या या दोन तरुणांवर प्रसंग आला तेव्हा फुल्यांच्याच सांगण्यावरून रामशेठ उरवणे जामीन राहिले. शब्दांचे घाव सोसूनही लिहिणाऱ्याच्या पाठीशी उभे राहता येते, हे आपल्या भाषेच्या इतिहासात लिहिलेले आहे.

आता ते कारण सांगतो, ज्याने मी हे पुस्तक दूर ठेवले होते.

१९७२ चा दुष्काळ. सिरसाळ्याच्या भोवती शिवार काळे ठिक्कर, विहिरींचे तळ दिसत होते. जागोजागी दुष्काळी कामे निघाली होती, बायाबापड्या खडी फोडत होत्या. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, नुकताच शाळेत लागलेला, आणि एका साप्ताहिकाला हौसेने बातम्या पाठवणारा. एक दिवस एका गृहस्थाने माझ्या हाती हजेरीपटाची हाताने उतरलेली नक्कल दिली. त्यात चौदा बायकांची नावे होती. “मास्तर, या नावाच्या बाया गावात हायेतच कुठं? हजेरी कारकून खोट्या नावावर पैसे उचलतोय,” तो म्हणाला. मी नावे वाचली. खरेच, मला एकही ओळखीचे वाटले नाही. रात्रीच बातमी लिहिली. कारकुनाचे नाव घातले. लोकांच्या पोटावर पाय देणारा, असे काहीतरी शब्दही घातले; तेव्हा मला ते फार छान वाटले होते.

बातमी छापून आली, कारकुनाला कामावरून दूर केले गेले. पंधरा दिवसांनी चौकशी झाली. चौदाच्या चौदा बायका हजर होत्या. त्या जवळच्या वाडीवरच्या. आम्ही त्यांना अमक्याची आई, तमक्याची सून, मोठी काकू, धाकली काकू अशा नावांनी ओळखत होतो. कागदावर त्यांची खरी नावे होती, आणि ती कधी कोणी हाक मारून घेतलीच नव्हती. मी वाडीवर गेलो असतो तर अर्ध्या तासात हे कळले असते. नक्कल देणाऱ्याचे त्या कारकुनाशी बांधाचे जुने भांडण होते. तेही गावात सगळ्यांना माहीत होते. मी विचारले नव्हते.

साप्ताहिकाने आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली, दोन ओळींचा खुलासा छापला. कारकुनाने फिर्याद केली नाही. वकील करण्याजोगी त्याची ऐपत नव्हती. एकदा एस. टी. च्या थांब्यावर मला तो भेटला. मी मान खाली घातली. तो म्हणाला, “मास्तर, तुमचा खुलासा मी वाचला. पन ज्यांनी बातमी वाचली त्यांनी तो वाचला का, तेवढं इचारून सांगा.” एवढेच बोलून तो गाडीत चढला. पुढे तो कामासाठी गाव सोडून गेला.

मराठवाड्यात आम्ही ‘अब्रू’ हा शब्द सहज वापरतो. तो फारसीतून आला. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. तोंडावरचे पाणी. दुष्काळी मुलखातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आटलेली विहीर पुढच्या पावसाळ्यात भरते. हे पाणी कशाने भरायचे?

म्हणूनच कायदा हवा का, आणि तो तुरुंगाचाच हवा का, या वादात माझे मत दोन्हीकडे ओढले जाते. इंग्लंडने, जिथून ही कल्पना आपल्याकडे आली, २००९ च्या कायद्याने अब्रुनुकसानीचा फौजदारी गुन्हा रद्द केला. तिथे आता भरपाईचाच दावा होतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१६ रोजी सुब्रमण्यम स्वामी खटल्यात हा गुन्हा घटनेशी सुसंगत ठरवला. प्रतिष्ठा हीदेखील माणसाच्या जगण्याच्या हक्कातच येते, असे सांगितले. मला हे तत्त्व पटते. शिक्षा पटत नाही. कारण तुरुंगाची भीती खोट्या बातमीला जेवढी थोपवते तेवढीच खऱ्यालाही थोपवते, आणि फिर्याद करण्याची ऐपत बहुधा कारकुनाला नसते, कारभाऱ्याला असते. तालुक्याच्या वार्ताहराला दूरच्या न्यायालयाच्या तारखा हीच निकालाआधीची शिक्षा होते.

मधली वाट आहे. अमेरिकेत १९६४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’विरुद्ध सलिव्हन खटल्यात ठरले की, सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामावरील टीकेबद्दल भरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते किंवा त्याने खऱ्याखोट्याची बेपर्वाई केली, हे दाखवावे लागेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात त्याच दिशेने पाऊल टाकले: अधिकाऱ्याच्या कर्तव्याविषयी लिहिताना पत्रकाराने वाजवी पडताळणी केली असेल तर पुरे, प्रत्येक शब्द खरा ठरलाच पाहिजे असे नाही. ‘वाजवी पडताळणी’ हे दोन शब्द माझ्या मते पत्रकाराच्या टेबलावर चौकटीत लावून ठेवावेत. त्यांचा अर्थ कठीण नाही. वाडीवर जाऊन यावे, एवढाच.

या कसोटीवर पाहिले तर आगरकरांचे पुस्तक लहान होत नाही, मोठेच होते. चुकल्यावर माफी मागून, शिक्षा झाल्यावर ती सोसून, सोसताना हसून, बाहेर आल्यावर पुन्हा निर्भयपणे लिहिणे ही गोष्ट हुतात्म्याच्या गोष्टीपेक्षा अवघड आहे, आणि आपल्यासारख्या चुकणाऱ्या माणसांच्या अधिक उपयोगाची. त्यांना चूक परवडली नाही असे नव्हे. तिची किंमत त्यांनी स्वतः दिली. माझी किंमत दुसऱ्याने दिली.

नातीने दिवाळीनंतर भाषण बदलले. घरी म्हणून दाखवले तेव्हा शेवटी म्हणाली, “ते चुकले होते, आणि तरी ते आपले आहेत.” स्पर्धेत तिचा नंबर आला नाही. “परीक्षकांना आवडलं नाही वाटतं, आबा,” ती फोनवर म्हणाली. मी म्हणालो, “मला आवडले.” मग तिने विचारले, “त्या कारकुनाचं नाव काय होतं?”

मी सांगितले नाही. एकदा ते मी छापले आहे.